ऑगस्टात मोजलेली जागा

अंधेरीच्या पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नगररचनेचं उपनगरापुरतं एक ऑफिस होतं. तिथे नकाशे काढायची टेबलं नऊ होती आणि माणसं तीन. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, एक जण आखातात गेला. त्यांच्या जागा काही भरल्या गेल्या नाहीत. रिकाम्या टेबलांवर आधी फायली चढल्या, फायलींवर नकाशांच्या गुंडाळ्या चढल्या, आणि खिडकीजवळच्या टेबलावर तर पाण्याचा माठच येऊन बसला.

"माठाचं नाव हजेरीपटावर घाला," प्रेमा म्हणायची. "तो तरी रोज वेळेवर हजर असतो."

प्रेमा ट्रेसर होती. पेन्सिलीच्या नकाशावर पारदर्शक कापड पसरून शाईने रेघा गिरवायचं तिचं काम. खंडू मोजणी करायचा, पण त्याला तीन महिन्यांपासून मुलुंडला धाडलं होतं. राहिला गुणाजी मेस्त्री, ड्राफ्ट्समन, वय त्रेपन्न. वडील मालवणाहून येऊन गिरणीत लागले होते, आणि पोराचं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी त्याला ड्रॉइंगच्या वर्गाला घातलं होतं. अक्षर अजूनही चांगलं होतं. बोलायचं मात्र जिवावर यायचं. साहेबांच्या केबिनच्या दारात तो उभा राहिला, की आत गेलेला चहावाला बाहेर येईपर्यंत तसाच उभा असायचा, आणि मग ‘नंतर येऊ’ असं मनाशी ठरवून आपल्या टेबलाकडे परतायचा.

ते पंच्याऐंशी साल होतं. नव्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणून. लोकांनी कळवलं. पोत्यांनी कळवलं. प्रत्येक हरकतीची सुनावणी व्हायची, आणि त्याआधी त्या जागेचा नकाशा शोधून, लाल शाईने खूण करून साहेबांपुढे ठेवावा लागायचा. नऊ जणांचं हे काम दोघं करत होती. गुणाजीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला होता, तो आता घरी भात कालवतानाही दुखायचा.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी चार कोळणी जिना चढून आल्या. टोपल्या त्यांनी खाली वॉचमनकडे ठेवल्या होत्या, पण सुक्या मासळीचा वास त्यांच्यासोबत वर आला. पुढे सखुबाई होती. साठीची, काटक, आवाज असा की खंडूला मुलुंडात ऐकू जावा.

"नकशेवाला कोन हाय?"

प्रेमाने हातातल्या पेनाने गुणाजीकडे दाखवलं.

"दादा, यो कागद बग. आमच्या खल्यात बशी उभ्या करनार म्हनतात. खरं काय?"

गुणाजीने हरकतीची पोच वाचली. खारपाटी कोळीवाडा, अंधेरीच्या पश्चिमेला, खाडीच्या तोंडाशी. सुनावणी पुढच्या गुरुवारी, म्हणजे दहा दिवसांनी. त्याने गुंडाळ्यांतून नकाशा शोधून टेबलावर पसरला आणि चारही कोपऱ्यांवर शाईच्या बाटल्या ठेवल्या.

"खळं म्हणजे मासळी सुकवायची जागा ना?" त्याने हळूच विचारलं.

"मग काय भात झोडाची? बोंबील, जवला, समदं तितंच सुकतं. माज्या आजेसासूपासून."

सखुबाईने कागदावर बोट ठेवलं. घरं सापडली, विहीर सापडली, धक्का सापडला. बोट घरांवरून समुद्राकडे निघालं आणि मध्येच थांबलं. तिथे एक मोठा पांढरा चौकोन होता. त्यात सुरेख, गोलसर अक्षरात लिहिलं होतं: रिकामी जागा. त्या अक्षरांवरून कुणीतरी नंतर तिरक्या रेघा मारून ‘बस आगार’ असं आरक्षण टाकलं होतं.

"इतं तर कायच नाय," सखुबाई म्हणाली. "आमी काय हवेत सुकवतो?"

बायका हसल्या. गुणाजी हसला नाही. अक्षर त्याचं होतं.

नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असत. काढणार, तपासणार, मंजूर. एकाने काढलं तर दुसऱ्याने तपासायचं, मग साहेबांनी सही करायची, असा रिवाज. पण दुसरा माणूसच उरला नव्हता. म्हणून ‘काढणार’मध्ये गु. मे. होतं आणि ‘तपासणार’मध्येही गु. मे. होतं. आणि वर मोजणीची तारीख होती, बारा ऑगस्ट, चार वर्षांपूर्वीची.

त्याला तो दिवस आठवला. खंडू तापाने पडला होता, म्हणून तो स्वतःच मोजायला गेला होता. पाऊस धो धो. घरांपुढची वाळू धुऊन निघालेली, स्वच्छ, मोकळी. घरांमागे झावळ्यांखाली बांबूंची एक रास होती. त्याला वाटलं, कुणी घर बांधत असेल. एका बाईने त्याला पडवीत बोलावून कोरा चहा दिला होता. तो पिऊन तो निघाला आणि वहीत दोन शब्द लिहून मोकळा झाला.

पावसाळ्यात मासळी कोण सुकवतं? वलांड्या, म्हणजे मासळी टांगायचे ते बांबूचे मांडव, आखाडातच उतरवून ठेवतात. हे दिल्लीच्या माणसाला ठाऊक नसलं तर चालेल. मालवणात जन्मलेल्या माणसाला कळू नये?

"बघतो," तो बायकांना म्हणाला.

दुपारी तो केबिनच्या दारात उभा राहिला. चहावाला आत गेला, बाहेर आला. गुणाजी या वेळी परतला नाही.

"साहेब, खारपाटीच्या शीटमध्ये थोडा फरक आहे. नव्याने मोजणी हवी."

धुरी साहेब माणूस वाईट नव्हते, थकलेले होते. त्यांच्या टेबलावर फायलींची अशी भिंत उभी होती की त्यांच्याशी बोलायला जरा डावीकडे सरकावं लागायचं.

"माणूस कुठून आणू मेस्त्री? माठाला पाठवू? खंडू मार्चअखेरपर्यंत सुटत नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि ऐका. हेड ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी तुमचा कागद या महिन्यात वर पाठवतोय. इतक्या वर्षांनी एक जागा भरायला निघालीय. आता फरक-बिरक काढत बसू नका."

गुणाजी "बरं" म्हणून बाहेर आला. सुनावणी झाली की फाइल मुख्य कचेरीत जाणार, आणि मग पुढची वीस वर्षं तो आराखडा बदलणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. सुक्या बोंबलांच्या जागी बसगाड्या उभ्या राहतील, आणि ती जागा रिकामी होती असं त्याच्या अक्षरात लिहिलेलं राहील.

संध्याकाळी तो घरी न जाता घाटकोपरला दादू परबांकडे गेला. परबकाका हे ऑफिसातले शेवटचे हेड ड्राफ्ट्समन. कुठलाही नकाशा तपासायला आला की ते आधी तारखेवर अंगठा ठेवायचे आणि विचारायचे, महिना कुठला? पोरं मागे त्यांची नक्कल करायची. गुणाजीनेही केली होती.

काका चाळीच्या गॅलरीत तांदूळ निवडत बसले होते.

"काय रे गुणाजी, वाट चुकलंस?"

"वाट नाय काका, नकाशो चुकलंय." त्याने सगळं सांगितलं. बाहेर कुणाशी दोन वाक्यं न बोलणारा गुणाजी गाववाल्यापुढे धडाधडा बोलला.

"महिनो खयचो?"

"ऑगस्ट."

काका हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. "तुझी आजी श्रावणात बांगडे सुकवी?"

"नाय."

"मगे?"

गुणाजी मान खाली घालून सुपातले खडे वेचू लागला. काका म्हणाले, "टेप धरूक माणसां किती लागतत?"

"दोन."

"एक तू, एक मी. रविवारी जावया."

"काका, तुमी सत्तरीक इलास."

"टेप धरूचो आसा रे, नांगर नाय. पण आधी त्या धुरीक खरा काय ता सांग. त्याच्या चिठ्ठीशिवाय मोजलंस, तर तो कागद भजी बांधूक बरो."

खरं सांगितलं, तर हेड ड्राफ्ट्समनची जागा हातची जाणार. गुणाजी रात्रभर कूस बदलत राहिला. सकाळी त्याने एक अर्ज लिहिला, फाडला, पुन्हा लिहिला. शेवटी कागद बाजूला ठेवला आणि नकाशाच काखेत मारून केबिनमध्ये शिरला. फायलींच्या भिंतीवर नकाशा पसरला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"जागा रिकामी नव्हती, साहेब. मी पावसात मोजली."

धुरी साहेबांनी चौकटी वाचल्या. "दोन्ही सह्या तुमच्याच?"

"तपासायला कुणी नव्हतं."

"आणि ही तिसरी?"

तिसरी सही त्यांची होती. धुरी साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"त्या वर्षी मी असे किती नकाशे मंजूर केले असतील?"

"एकशे चौदा, साहेब."

"बरं पाठ आहे तुम्हाला!"

"सगळे मीच काढले होते. मी आणि प्रेमाने."

बाहेर प्रेमाच्या पेनाची करकर थांबली होती, म्हणजे ती ऐकत होती.

"गप्प बसला असतात तर कुणाला कळणार होतं, मेस्त्री?"

"त्या बायकांना."

साहेबांनी एक कोरा कागद पुढे ओढला. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली. रविवारी मोजणीस परवानगी, खात्याचा माणूस मिळणार नाही, सुट्टीचा मोबदला मिळणार नाही. चिठ्ठी देताना म्हणाले, "तुमचा कागद मात्र आता थांबवावा लागेल. चूक निघालेली असताना पाठवला तर वर विचारतील."

"हो," गुणाजी म्हणाला. त्याला वाटलं होतं तेवढं ते जड गेलं नाही. पण थोडं गेलंच.

रविवारी सकाळी खारपाटीच्या वाळूवर तो पोचला तेव्हा परबकाका आधीच येऊन एका उपड्या होडीवर छत्री उघडून बसले होते. पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर पाट, पाटावर कागद. पंधरा मिनिटांनी बसथांब्याकडून प्रेमा येताना दिसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"तू कशाला आलीस गं? रविवारी घरची कामं असतील."

"धुणं भिजत घालून आलेय," ती म्हणाली. "नऊ जणांचं काम दोघं करतो, त्यातलं चुकलं तर अर्धं माझंच की. गिरवलं कुणी ते?" आणि तिने घावनांचा डबा काकांच्या छत्रीखाली सरकवला.

ऑगस्टात जिथे नुसती वाळू होती, तिथे आता एक आख्खं गाव उभं होतं. वलांड्यांच्या रांगाच रांगा. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून आडव्या बांबूंवर टांगलेले, वाऱ्यावर हलणारे. खाली चटयांवर जवळा. मधून चालायच्या चिंचोळ्या वाटा, त्यांत मांजरं आणि त्या मांजरांना हाकलणाऱ्या म्हाताऱ्या. गुणाजी टेप घेऊन आत शिरला आणि तिसऱ्या बांबूपाशीच अडकला. टेपला बोंबलाचा दात लागला.

"टेप भायेर ठेव," सखुबाई ओरडली. "आत दोरी घे. आमच्या दोऱ्या हायेत."

प्रत्येक घराच्या वलांडीला एक दोरी होती, वावेने मोजलेली. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढी लांबी. दर वावेला गाठ. कुणाची सात गाठींची, कुणाची नऊ.

"कुणाची वाव?" परबकाकांनी विचारलं. "बाईगणिक हात वेगळे."

"माज्या सासूची. मेली ती, पन दोऱ्या तिच्याच. डोलकाठीयेवढी उंच व्हती."

काकांनी एक दोरी मागवून दोन गाठींमधलं अंतर टेपने मोजलं. पाच फूट नऊ इंच. "खरंच उंच होती," ते म्हणाले आणि कागदावर लिहून घेतलं. मग त्यांनी ठरवून दिलं, बाहेरच्या चारी बाजू टेपने, आतली खळी दोरीने, आणि शेवटी दोन्हींचा मेळ घालायचा.

टेप धरायला दोन माणसं लागत होती. अकरा बायका आल्या. प्रत्येक कोपऱ्यावर एक उभी राहिली आणि गाठी मोठ्याने मोजू लागली. सगुणा नावाच्या बाईचा आकडा शेजारणीच्या आकड्याशी जुळेना.

"तुजी वलांडी माज्यात शिरलीय, सांगत व्हती ना मी?"

"तुज्यात? तुज्या नवऱ्यानं बांबू सरकवला शिमग्याला!"

"दादा, नकशात घाल! कायमचं व्हवं दे!"

"नकाशात भांडण घालता येत नाही," गुणाजी म्हणाला, आणि आपण विनोद केला हे बायका हसल्यावर त्याच्या लक्षात आलं.

दुपारी ऊन चढलं. प्रेमा पदर डोक्यावर घेऊन आकडे वाचून दाखवत होती, काका ते मांडत होते आणि मध्येच कुणालाही थांबवून विचारत होते. "कार्तिकात इथे काय? चैत्रात? आखाडात?" आखाडात काही नाही, बायका म्हणाल्या, नारळी पुनवेपर्यंत बांबू घरांमागे. "तेच लिही," काका गुणाजीला म्हणाले. "‘पावसाळ्यात बांबू उतरवतात’ असा लिही, म्हणजे पुढचो गुणाजी चुकूचो नाय."

गुणाजीने मान वर करून पाहिलं. चार कोपऱ्यांवर बायका, होडीवर काका, उन्हात प्रेमा. इतकी वर्षं तो रिकामी टेबलं मोजत आला होता. आज एका कामाला माणसं जास्त झाली होती, आणि त्यातल्या एकाचंही नाव हजेरीपटावर नव्हतं. तो वाकून उगाच टेपची वाळू झटकू लागला.

सखुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तू आलावतास ना त्या पावसात? माज्या पडवीत कोरा चा पिलास."

गुणाजीच्या हातातून टेप सुटला. "तुम्हाला माहीत होतं?"

"हापिसात शिरल्या शिरल्या वलखलं."

"मग तेव्हा बोलला नाहीत?"

"बोलून काय? तू टेबलाखाली शिरला असतास. मना नकशा पायजे व्हता, तू नको." तिने तांब्या त्याच्या हातात दिला. "पी. तोंड बग कसं झालंय."

पुढचे तीन दिवस गुणाजी आणि प्रेमा सकाळी आठला ऑफिस उघडून बसली. बुधवारी दुपारी नवा नकाशा तयार झाला. पांढऱ्या चौकोनात आता बारीक रेघांच्या सत्तावीस वलांड्या होत्या, वाटा होत्या, आणि त्याच गोलसर अक्षरात लिहिलं होतं: मासळी सुकवण्याचे खळे. ‘काढणार’मध्ये गुणाजीने सही केली आणि पेन प्रेमापुढे धरलं.

"मी? ट्रेसरने तपासायचं असतं का कधी?"

"प्रत्येक आकडा तू दोनदा वाचलायस. साहेबांना विचारलंय मी."

"तुम्ही विचारलंत? स्वतः आत जाऊन?" तिने सही आधी कोऱ्या कागदावर दोनदा करून पाहिली, मग चौकटीत केली.

सुनावणीला तिघा अधिकाऱ्यांची समिती होती. मधल्या अधिकाऱ्यांनी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवले. मागे बाकावर सखुबाई आणि तिच्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या.

"जुन्या नकाशात ही जागा रिकामी कशी?"

गुणाजी उभा राहिला. "मी मोजली होती, साहेब. ऑगस्टात. ऑगस्टात तिथे काही नसतं. चूक माझी."

मग शेजारची खुर्ची सरकली आणि धुरी साहेब उभे राहिले.

"मंजूर मी केली होती, न बघता. मेस्त्रींनी स्वतः काढायचं आणि स्वतःच तपासायचं, अशी वेळ आमच्यावर आहे. नऊ टेबलं आहेत, नकाशे काढणारी माणसं दोन. ही चूक त्यांनी स्वतः येऊन दाखवली. सगळं लेखी जोडलंय."

गुणाजीला वाटलं, आपण भलतंच ऐकतोय. अठरा वर्षांत त्याने साहेबांना असं कुणासाठी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे पाहायचं धैर्य त्याला झालं नाही. त्याने त्यांच्या बुटांकडे पाहिलं. एका बुटाची नाडी सुटली होती.

मधल्या अधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं. आगाराचं आरक्षण या जागेवरून उठवावं आणि जागा मासळी सुकवण्यासाठी राखून दाखवावी, अशी समितीची शिफारस.

"म्हंजे काय?" सखुबाईने मागून विचारलं.

"म्हणजे बोंबील राहिले," गुणाजी वळून म्हणाला.

बाकावर एकच गलका झाला. शिपायाने शांत राहा म्हणून सांगितलं, त्याला सगुणाने तूच शांत राहा म्हणून सांगितलं.

हेड ड्राफ्ट्समनची जागा त्या वर्षी भरली गेली नाही. पण जूनमध्ये ऑफिसात दोन नवे ड्राफ्ट्समन हजर झाले. धुरी साहेबांनी जोडलेला तो कागद वर कुणीतरी वाचला असावा. त्यांना बसायला टेबलं हवीत म्हणून फायली खाली उतरवल्या, आणि माठ उचलून जिन्याजवळ नेऊन ठेवला.

"बदली झाली बिचाऱ्याची," प्रेमा म्हणाली.

नव्यांतल्या एकाने पहिली शीट तपासायला आणली, तेव्हा गुणाजीने तारखेवर अंगठा ठेवला आणि विचारलं, "महिना कुठला?" पोरगा गोंधळला. नंतर पाठीमागे त्याने नक्कलही केली असणार. केली तर केली.

ऑगस्टात, बारा तारखेच्या आसपासचा एक रविवार पाहून, गुणाजी छत्री घेऊन खारपाटीला गेला. टेप नव्हता, वही नव्हती. वाळू स्वच्छ धुतलेली, मोकळी, वर एक खेकडा. घरांमागे झावळ्यांखाली बांबूंची रास. चार वर्षांपूर्वी पाहिली होती तश्शी.

"रिकामी जागा बगायला आलास?" सखुबाई पडवीतून ओरडली. "ये, आत ये. भिजशील."

तिने कोरा चहा दिला. पाऊस वाळूवर पडत होता. गुणाजीला तिचे आभार मानायचे होते. बसमध्ये त्याने वाक्य जुळवलं होतं, त्यात काकांचं नाव होतं, प्रेमाचं होतं, साहेबांचंही होतं. त्याने कप खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"सखुबाई."

"काय रं?"

वाक्य कुठल्या कुठे गेलं होतं.

"थोडा अजून देता का?"

"मंग त्यात लाजाचं काय?" ती म्हणाली, आणि किटलीतून कप काठोकाठ भरला.